फळी डाव्या हाताला

वानखडे सर गेल्यानंतर शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीचा होता. त्यातला कोट त्यांना खांद्यात आवळत होता. त्या कोटावरून ते शिंप्याशी भांडले होते आणि शेवटी चिडून तसाच घालून आले होते. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण ‘संयम’ हा शब्द वापरत होता. संयमाची मूर्ती, संयमी अध्यापन, असं काय काय. मलाही बोलायचा आग्रह झाला. मी मान हलवून नको म्हटलं. जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, पण चारचौघांत उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही.

घरी येताना मात्र चीड येत राहिली. जो माणूस चहा निवायची वाट पाहू शकत नसे, बँकेच्या रांगेत तीन वेळा पुढे जाऊन ‘काय अडलंय’ म्हणून विचारून येत असे, त्याला संयमी ठरवून सगळे मोकळे झाले. सरांना संयम नव्हता. त्यांना हातातली गोष्ट सोडता येत नसे, एवढंच. या दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून मी हे लिहायला बसले आहे. फार हळू लिहून होतं. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं आणि लिहिताना नजर तिकडे जाते.

खामगावात कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागे आमची गल्ली आहे. त्यांचं घर आणि माझं घर समोरासमोर. शाळेत ते भूमिती शिकवत, मी मराठी. ते मला ‘बाई’ म्हणत, मी त्यांना ‘सर’. एवढ्या वर्षांच्या शेजारात यात बदल झाला नाही.

भूमितीच्या सिद्धतेत आधी पक्ष लिहायचा, म्हणजे काय दिलं आहे ते, आणि मग साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचं आहे ते. सरांनी ही पद्धत वर्गाबाहेरही सोडली नाही. भाजीवाली भाव सांगताना पावसापासून सुरुवात करायची, तर हे म्हणायचे, “साध्य सांग.” लग्नाची पत्रिका घेऊन आलेला माणूस घराण्याची माहिती देऊ लागला की, “साध्य काय? तारीख सांगा.” लोक दुखावत. सरांच्या ते लक्षातही येत नसे.

फळ्यावर ते हाताने वर्तुळ काढत. दोरा नाही, कंपास नाही. खडू वर माथ्यावर टेकवायचा आणि उजवीकडून खाली, डावीकडून वर असा एका दमात फिरवून जिथून निघाला तिथे आणून मिळवायचा. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे शोधून सापडत नसे. दरवर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी टाळ्या पडत आणि दरवर्षी ते “यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे?” म्हणून रागावत.

आणखी एक सवय होती. एखाद्या मुलाची सिद्धता फळ्यावर चुकली तर ते ती पुसू देत नसत. चुकलेल्याच्या खाली एक आडवी रेघ ओढत आणि म्हणत, “पुन्हा मांडू.” मांडायचं त्याच मुलानं. दुसरा कितीही हात वर करो, त्याला संधी नाही. ज्याचं चुकलं त्यानंच नीट करायचं. तासाची घंटा झाली तरी तो मुलगा फळ्यापाशी, आणि दारात मी मराठीची पुस्तकं घेऊन उभी. या रेघेपायी माझे किती तास बुडाले असतील.

सरांच्या घरी त्यांची मोठी बहीण असते. गल्ली तिला अक्का म्हणते. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच सरांना वाढवलं. मग तिचं लग्न जळगाव जामोदला झालं, पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती माहेरी परत आली. सरांच्या पत्नी, आमच्या सुमनवहिनी, होत्या तोवर दोघींचं बरं जमायचं. वहिनी गेल्यावर घरात बहीणभाऊ दोघेच उरले. मुलगा पुण्यात.

अक्काची जागा म्हणजे बंगई. आमच्याकडे घरातल्या झोपाळ्याला बंगई म्हणतात. त्यांच्या पुढच्या खोलीत आढ्याला चार साखळ्यांनी टांगलेली सागवानी फळी आहे. सकाळी अक्का दाराकडे तोंड करून बसते, दुपारनंतर अंगणाकडे. खुर्चीत तिचा जीव घुसमटतो. गादी टाकली तर घसरते. “हाल्ल्याबिगर मले झोप येत नाही,” ती म्हणते, आणि बसल्या बसल्या झोके घेत डुलक्या काढते.

मागच्या उन्हाळ्यात बंगईची जुनी फळी मधोमध तडकली. सरांनी वखारीत जाऊन नवी आणली. चांगली जाड, मोठ्या मशीनवर कापलेली. जुन्या फळीच्या कडा कितीतरी माणसांच्या बसण्याने झिजून गोल झाल्या होत्या. नवीच्या कडा काटकोनात होत्या. सर खूश होते. त्यांनी गुण्या लावून मला दाखवलंसुद्धा, “बाई, बघा. बरोबर नव्वद.”

त्या नव्वद अंशांनी अक्काच्या गुडघ्यामागे जखम झाली. आधी लाल वळ, मग साल निघाली, मग ओल धरली. अक्काला साखरेचा आजार. डॉक्टर म्हणाले, जखम साधी दिसते पण साधी समजू नका, तिथे दाब पडायला नको. अक्का बंगई सोडायला तयार नाही. पट्टी बदलायला रोज दुपारी मी जायची, त्यामुळे ती जखम मी जवळून पाहत होते.

उपाय सोपा होता. फळीच्या कडा गोल करायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीम मिस्त्रीचं दुकान आहे. तो सरांचाच विद्यार्थी. त्याला कळल्यावर तो स्वतः आला.

“सर, चहा पिऊन होईपर्यंत करून देतो,” तो म्हणाला.

“नको.”

“पैसे नाही घेत.”

“पैशाचं नाही रे. फळी मी आणली, कड मी ठेवली. चुकलं माझं. मीच मांडतो पुन्हा.”

सलीम माझ्याकडे पाहून हसला. त्यालाही ती रेघ आठवली असणार.

सरांचा उजवा खांदा धरलेला होता. वर्षानुवर्षं फळ्यावर हात वर करून लिहिल्याचा तो परिणाम. रंधा मारणं शक्य नव्हतं. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने राउटर मागवून दिला. इंटरनेटचा नव्हे, लाकडाचा. दोन मुठींचं विजेवरचं यंत्र. त्याच्या पोटातून एक छोटं पातं खाली डोकावतं आणि मिक्सरपेक्षा भयंकर आवाज करत फिरतं. फळीच्या कडेवरून ते चालवत नेलं की कड गोल होत जाते. खोक्यातून ते निघालं तेव्हा अक्का बंगईवरून म्हणाली, “एवढं मोठं कायले आणलं? माह्या फळीची कोर घासाले, का घर पाडाले?”

“अक्का, तू पाय सांभाळ.”

“पायासाठीच त बोलून राह्यली.”

खरी फळी सर लगेच उतरवायला तयार नव्हते. आधी भंगार फळ्यांवर हात बसवायचा, मग सागवान. वखारीतून आणि जिनिंगच्या मोडलेल्या पेट्यांमधून त्यांनी फळ्या जमा केल्या. अंगणात तुळशीच्या शेजारी दोन स्टुलं मांडली, त्यांवर फळी शिकंज्याने आवळली. पहिल्या दिवशी मला बोलावून, मशीन सुरू करण्याआधी, फरशीवर खडूने आकृती काढली.

“पातं घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. हे दिलेलं. आता फळीच्या बाहेरच्या कडेनं जायचं तर पात्यानं लाकडाशी झगडलं पाहिजे. तरच मशीन आपल्या ताब्यात राहतं. म्हणजे घड्याळाच्या उलट जायचं. फळी डाव्या हाताला ठेवून. सरळ दिशेनं गेलं, फळी उजव्या हाताला ठेवून, तर पातं चाकासारखं लाकडावरून पळत सुटेल आणि मशीन आपल्याला ओढून नेईल. समजलं?”

मला समजलं. फरशीवरचे बाण इतके स्वच्छ होते की कोणालाही समजलं असतं.

मग त्यांनी चष्मा चढवला, मशीन सुरू केलं, आणि फळी उजव्या हाताला ठेवून चालायला लागले.

मशीन हातातून उसळलं, कडेवरून फळीच्या पाठीवर चढलं आणि तिथे वेडावाकडा चर पाडून थांबलं, कारण मी धावत जाऊन बटण बंद केलं होतं. सर माझ्यावरच ओरडले, “मध्ये येऊ नका.” फळीची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. त्यांनी खडू घेऊन तिच्यावर एक आडवी रेघ ओढली.

“पुन्हा मांडू.”

पुढचे कित्येक दिवस दुपारी दोन वाजले की मशीन सुरू व्हायचं. मी तेव्हा वाचायला बसते. एक पान वाचून होत नसे. आधी एकसारखा घरघराट, मग आवाज एकदम वर चढायचा, लाकूड किंचाळल्यासारखं व्हायचं, आणि मग काहीतरी आपटायचं. सरांचा आवाज यायचा, “हात तिच्या.” भुसा माझ्या खिडकीच्या जाळीवर येऊन बसायचा. मध्येच लाइट जायची, तेव्हा गल्लीभर सुटकेचा निश्वास ऐकू यायचा. लाइट आली की पुन्हा सुरू.

चूक दरवेळी तीच. सर दरवेळी फळी उजव्या हाताला ठेवत. आता सुरुवात तेवढी बरोबर करत. पहिली कड डाव्या हाताला, हळूहळू, व्यवस्थित. कोपरा आला की मशीन बंद करून, उचलून, पुढच्या कडेवर ठेवताना कसं कोण जाणे, ते फळीच्या दुसऱ्या अंगाला येत आणि उलटे निघत. उलटे म्हणजे घड्याळाच्या सुलटे. मोबाइलवर एक हिंदी बोलणारा माणूस हेच काम दाखवायचा. त्याचा व्हिडिओ स्टुलावर लावून ते चालत, त्याच्यावर चिडत, त्याला बंद करत. मी एकदा फळीवर खडूने बाण काढून दिले. त्यांनी बाण पाहिले, मान हलवली, मशीन सुरू केलं आणि बाणांच्या विरुद्ध गेले.

“सर, बाण.”

“दिसतात मला बाण.”

“मग?”

“पाय ऐकत नाहीत, बाई.”

मी चिडले. आत जाऊन अक्काची पट्टी सोडली. जखमेची कड पांढरट झाली होती. मी अक्काला म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. सलीम दहा पावलांवर आहे. अक्का म्हणाली, “तो लहानपणी बुटाची नाडी बांधाले शिकला, तव्हा असाच रडे. मी बांधून दिली का सोडून टाके. तुले काय वाटते मास्तरीणबाई, आता ऐकन तो?”

“पण पाय तुमचा आहे.”

“माहाच आहे. तुहा नाही ना दुखून राह्यला?”

दोघांपुढेही माझं काही चालत नसे. मी पट्टी बांधून परत यायची, आणि समोर पुन्हा मशीन सुरू व्हायचं.

एक दिवस आवाज आला नाही. मला ते विचित्र वाटलं म्हणून खिडकीतून पाहिलं. सर अंगणात होते. मशीन खाली ठेवलेलं होतं. फळीही नव्हती, नुसती दोन स्टुलं. सर हात पुढे धरून, मशीन धरल्यासारखे, त्या स्टुलांभोवती फिरत होते. डाव्या हाताला स्टुलं. एक फेरी, दुसरी. पायांना सवय लावत होते. चेहरा घट्ट, ओठ आवळलेले. मी पट्टीचं सामान घेऊन निघाले आणि त्यांच्या फाटकात पोचले, तेवढ्यात अक्काने आतून त्यांना पाहिलं. दुपार होती, तिचं तोंड अंगणाकडे होतं.

“मधू, काऊन उलटा फिरून राह्यला बे?” ती ओरडली. “घरात कोणी मेलं काय?”

सर जागीच थांबले.

आमच्याकडे देवाला, तुळशीला, पिंपळाला, कशालाही फेरी घालायची तर उजव्या हाताला ठेवून. ओवाळायचं तरी त्याच बाजूनं. सर रोज सकाळी आंघोळ झाल्यावर त्याच अंगणात तुळशीला फेऱ्या घालत, अगदी लहानपणापासून. उलट्या फेऱ्या एकाच ठिकाणी घालतात, चितेभोवती, खांद्यावर मडकं घेऊन.

सर हळू आवाजात म्हणाले, “एकदाच फिरलोय असं, अक्का.”

ते मला माहीत होतं. सुमनवहिनी गेल्या तेव्हा मुलगा परदेशी कामाला गेला होता, त्याला पोचायला वेळ लागणार होता. सगळं सरांनीच केलं होतं. आम्ही बायका घरीच थांबलो होतो. ते परत आले तेव्हा मडक्यातल्या पाण्याने त्यांचा सदरा उजव्या खांद्यापासून खाली ओला होता, आणि कोणी बदलायला सांगेपर्यंत ते तसेच ओसरीत उभे होते.

अक्काने पाय जमिनीला टेकवले. झोका थांबला होता. सरांनी स्टुलं उचलून भिंतीशी ठेवली, मशीनची वायर गुंडाळली, आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. मी त्यांना चहा विचारला. ते म्हणाले, “साध्य चुकलं बाई,” आणि गच्चीवर निघून गेले.

त्यानंतर गल्ली शांत झाली. मला वाचायला पुष्कळ वेळ मिळाला आणि एक अक्षर वाचावंसं वाटलं नाही. खोकं पलंगाखाली. सलीमलाही बोलवायचं नाही. फळीला कोणी हात लावायचा नाही. अक्काही हट्टाने त्याच कडेवर बसायची. जखम बोट बुडेल इतकी खोल झाली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर अकोल्याला न्यावं लागेल, पुढे पायाचं काय होईल सांगता येत नाही. सर हे ऐकून घरी आले, वर्तमानपत्र उलटं धरून बसले, आणि मी सलीमचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, “तुम्ही तुमचं व्याकरण बघा.”

इतकं टोचून ते मला आधी कधी बोलले नव्हते. दोन दिवस मी फक्त पट्टी बदलून परत आले, त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सलीम आला तो न बोलावता. मागच्या दाराची बिजागरी निघाली होती, ती अक्काने परस्पर निरोप देऊन त्याला बसवायला सांगितली होती. मी अक्काची पट्टी बांधत होते; काम झाल्यावर त्याने भिंतीशी रचलेल्या फळ्या पाहिल्या. प्रत्येकीवर आडवी रेघ.

“सर, हे काय, पूर्ण वर्गच नापास केला तुम्ही?”

“तुझ्यासारखाच.”

“मले तुम्ही भूमितीत नापास केलं होतं.”

“तू नापास झाला होता. मी फक्त लिहिलं.”

सलीम हसत फळीच्या कडेवरून बोट फिरवत होता. “पण बाजू उलटी घेतली आहे सगळीकडे. तुम्हाले तर माहीत असन.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. मग चष्मा पुसत, “मला फिरवत नाही त्या बाजूनं. पाय वळत नाही.”

सलीमला ते लगेच कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याने फळी खाली ठेवली. “आमचे अब्बा हजले गेले होते,” तो म्हणाला. “तिथं काब्याले फेऱ्या घालतात न, त्या याच बाजूनं. काबा डाव्या हाताले. अब्बा सांगत, एवढी गर्दी, साऱ्या दुनियेचे लोक, अन् सारे तिकडूनच फिरून राह्यले.”

“माहीत आहे मला,” सर तुटकपणे म्हणाले. त्यांना सगळंच माहीत असे.

बंगईवर बसलेली अक्का आता मात्र पुढे झुकली. “सलीम, खरं सांगून राह्यला का?”

“खरं अक्का. खोटं कायले सांगू?”

“म्हणजे तिथं कोणी मेलेलं नसते.”

“नाही अक्का. तिथं तर लोक खुशीनं जातात.”

अक्का साखळी धरून उठली. तिला उठायला वेळ लागतो. आम्ही कोणी पुढे झालेलं तिला खपत नाही. उभी राहून तिने बंगईच्या फळीवर थाप मारली.

“मधू, उतरव हे.”

“अक्का, अजून हात बसला नाही.”

“मले खुर्ची दे अंगणात. अन् हे उतरव.”

सलीमने साखळ्या सोडवल्या. फळी अंगणात आली. सरांनी पलंगाखालचं खोकं ओढलं. सलीमने शिकंजे आवळले आणि अक्काने त्याला सांगितलं, “आता तू हात नको लावू, नाही त हा पुन्हा रुसन.” ती खुर्चीत बसली, दुखरा पाय मशीनच्या खोक्यावर लांब करून. सर फळीच्या कोपऱ्यावर मशीन टेकवून उभे राहिले. बटण दाबत नव्हते. घामाचा थेंब चष्म्याच्या काचेवर पडला होता.

“फळी डाव्या हाताले ठेव,” अक्का म्हणाली.

“ठेवली.”

“आता माह्याकडे पाह्य. मी इथं बसली आहो. जित्ती आहो. फीर.”

सरांनी मशीन सुरू केलं.

पहिली लांब कड संपली. आवाज चढला नाही. कोपऱ्यावर मशीन बंद झालं, उचललं गेलं, आणि मी नकळत माझाच पदर घट्ट धरला. सरांनी पाय उचलला, तो उजवीकडे निघाला, थांबला, परत आला. त्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने नुसता हात केला, पुढे चल असा. ते पुढे गेले. आखूड कड झाली. मग पुन्हा लांब कड. भुसा दोन्ही बाजूंना मऊ, पिवळसर पडत होता. सलीम मागे हात बांधून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता की दुआ करत होता, मी विचारलं नाही.

चौथ्या कडेला मशीन लावलं आणि लाइट गेली.

अक्का म्हणाली, “झालं की. बसाच्या दोन्ही कोरा झाल्या. ही राहू दे.”

“राहू दे काय?” सर म्हणाले. “चौकोनाला बाजू चार.”

लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही. सलीम दुकानात गेला. अक्का आत जाऊन पलंगावर आडवी झाली. सरांनी फळी तशीच ठेवली, मी परत निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्काने मला हाक मारली. सर झोपेतच गेले होते. मुलगा पुण्याहून दुपारी पोचला आणि त्याने सगळं केलं.

तेराव्यानंतर अक्काने सलीमला बोलावलं. मी म्हटलं, अक्का, ती एक कड तशीच राहू द्या ना. त्यांची आठवण. अक्का माझ्यावर डाफरली. “आठवण म्हणून काय फळी धरून बसू? आवडलं असतं का त्याले, तीन बाजूचा चौकोन?” मला त्या वेळी तिचा राग आला होता, आणि आता तिचंच बरोबर वाटतं, तरी तो राग पूर्ण गेलेला नाही. सलीमने मशीन टेकवलं तेव्हा ती म्हणाली, “तो कोणत्या बाजूनं आला होता?” त्याने दाखवलं. “मंग तसाच जाय.” आता ती त्या फळीवर बसते. जखम भरत आली आहे, नवी कातडी गुलाबी आणि पातळ आहे. मी अजून रोज पाहायला जाते.

शोकसभेत हे सगळं सांगता आलं नसतं. आणि सांगितलं असतं तरी शेवटची गोष्ट सांगितली नसती.

लाइट गेली त्या संध्याकाळी मी फाटकातून बाहेर पडताना वळून पाहिलं. अंगणात अजून उजेड होता. सर फळीपाशी एकटे होते. फळीवर भुशाचा थर बसला होता. त्यांनी एक बोट त्यात टेकवलं, वर माथ्यावर, आणि वर्तुळ काढायला सुरुवात केली. उजवीकडून नाही. डावीकडून खाली, उजवीकडून वर. हळूहळू, शाळेतल्या नव्या मुलासारखं. बोट वर आलं तेव्हा सुरुवातीच्या ठिकाणाला चुकवून बरंच बाजूला आलं. वर्तुळ मिळालंच नाही. ते वाकडं वर्तुळ त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. मला वाटलं, आता हात मारून पुसतील. पण त्यांनी त्याच्या खाली, भुशात, एक आडवी रेघ ओढली.